टल्साचं हत्याकांड शाळेत शिकवायचं, पण कसं? वंशभेदावर बोलण्यावरून अमेरिकेत सुरू असलेला वाद समजून घ्या

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या 'टल्सा ट्रिब्यून' या वर्तमानपत्राचा ३१ मे १९२१ चा अंक मायक्रोफिल्मवर जतन केलेला आहे. पण त्या अंकाच्या पहिल्या पानावरचा एक मजकूर त्यात नाही. मायक्रोफिल्म तयार होण्याआधीच कुणीतरी तो फाडून काढला होता.

त्या एका बातमीनंतर काही तासांतच टल्सात अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण वांशिक हत्याकांडांपैकी एक घडलं. पुढची कित्येक दशकं त्याबद्दल ना शाळेत शिकवलं गेलं, ना शहरात उघडपणे बोललं गेलं.

मे २०२१ मध्ये या घटनेला १०० वर्षं होत होती. शताब्दीला साडेतीन आठवडे उरले असताना ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली. वंश आणि लिंगभेदाबद्दल शाळेत काय शिकवता येणार नाही, याची यादीच या कायद्यात होती.

तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातोय. इतिहासातल्या अत्याचारांबद्दल मुलांशी मोकळेपणाने बोलायचं की नाही? बोलायचं, तर त्याच्या मर्यादा कुणी ठरवायच्या?

सोशल मीडियावर याबद्दल दोन टोकाचे दावे फिरतात. 'अमेरिकेत गुलामगिरीचा इतिहास शिकवायला बंदी घातली' हा एक, आणि 'शाळांमध्ये गोऱ्या मुलांना गुन्हेगार ठरवलं जातंय' हा दुसरा. दोन्ही अर्धवट आहेत. नेमकं काय घडलं, ते क्रमाने पाहूया.

टल्सात काय झालं होतं?

१९२१ मध्ये टल्साच्या ग्रीनवूड भागात सुमारे १० हजार कृष्णवर्णीय लोक राहत होते. त्यांची स्वतःची दुकानं, हॉटेलं, दवाखाने, थिएटर आणि वर्तमानपत्रं होती. पुढे हा भाग 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' या नावाने ओळखला गेला.

३० मे रोजी बूटपॉलिश करणारा डिक रोलँड हा कृष्णवर्णीय तरुण एका इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट चालवणारी मुलगी गोरी होती. आत काय झालं हे कधीच स्पष्ट झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी रोलँडला अटक झाली आणि त्याने मुलीवर हल्ला केल्याची बातमी 'ट्रिब्यून'ने छापली. संध्याकाळपर्यंत कोर्टाबाहेर गोऱ्या लोकांचा जमाव जमला होता.

त्या काळात अशा जमावाने आरोपीला ओढून नेऊन ठार मारणं ही नेहमीची गोष्ट होती. तसं होऊ नये म्हणून ग्रीनवूडमधले काही कृष्णवर्णीय पुरुष बंदुका घेऊन कोर्टापाशी आले. त्यातले अनेकजण पहिल्या महायुद्धात लढून आलेले होते. झटापटीत गोळी सुटली आणि दंगल पेटली.

रात्रभर आणि १ जूनच्या सकाळी हजारोंच्या जमावाने ग्रीनवूड लुटलं आणि जाळलं. सुमारे ३५ ब्लॉक बेचिराख झाले. रेड क्रॉसने मोजलेल्या जळालेल्या घरांची संख्या १,२५६ होती. मृतांचा अधिकृत आकडा ३६ होता. इतिहासकारांच्या अंदाजानुसार तो १०० ते ३०० च्या दरम्यान असावा. हजारो कृष्णवर्णीय रहिवाशांना पकडून सभागृहात आणि जत्रेच्या मैदानात डांबण्यात आलं.

रोलँडवरचे आरोप नंतर मागे घेण्यात आले. जाळपोळ आणि खुनांसाठी मात्र एकाही गोऱ्या माणसाला शिक्षा झाली नाही. उलट ग्रँड ज्युरीने घडलेल्या प्रकाराचा ठपका कृष्णवर्णीयांवरच ठेवला. विम्याचे दावेही फेटाळले गेले. घटनेला 'दंगल' म्हटलं गेलं होतं आणि दंगलीतल्या नुकसानीची भरपाई देणार नाही, असं कलम विम्याच्या करारांत होतं. एका शब्दामुळे लोकांची आयुष्यभराची कमाई गेली. या घटनेला 'दंगल' म्हणायचं की 'हत्याकांड', हा वाद म्हणूनच नुसता शब्दांचा नाही.

मग हे बाहेर कसं आलं?

एका शिक्षकामुळे. हा भाग फारसा सांगितला जात नाही, पण आजच्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे.

१९५० च्या दशकात टल्साच्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये डब्ल्यू. डी. विल्यम्स नावाचे इतिहासाचे शिक्षक होते. १९२१ मध्ये ते स्वतः शाळकरी वयाचे होते. त्यांच्या आईवडिलांचं ग्रीनवूडमधलं 'ड्रीमलँड' थिएटर त्या जाळपोळीत खाक झालं होतं. एकदा वर्गात त्यांनी ही हकिगत सांगितली. डॉन रॉस नावाच्या विद्यार्थ्याचा त्यावर विश्वासच बसला नाही. आपण याच भागात वाढलो, मग हे कधी कानावर कसं आलं नाही, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी त्याच्यासमोर जुने फोटो ठेवले.

ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांनीही आपल्या मुलांना हे सांगितलं नव्हतं. काहींना भीती होती की पुन्हा तसंच होईल. काहींना ते दुःख पुढच्या पिढीच्या गळ्यात घालायचं नव्हतं. गोऱ्या टल्साला तर शहराचं नाव खराब करून घ्यायचं नव्हतं. १९७१ मध्ये घटनेला ५० वर्षं झाली, तेव्हा टल्साच्या व्यापारी मंडळाने लिहून घेतलेला लेख मंडळाच्याच मासिकाने छापायला नकार दिला. शेवटी तो दुसऱ्या एका नियतकालिकात आला. त्याचे संपादक होते, डॉन रॉस.

पुढे रॉस राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. नंतर हा विषय राज्याच्या शालेय अभ्यासक्रमातही आला. २०२० मध्ये टल्साच्या ओकलॉन दफनभूमीत सामूहिक कबरींचा शोध घेण्यासाठी खोदकाम सुरू झालं.

थोडक्यात, एका शिक्षकाने वर्गात एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली म्हणून जवळपास ८० वर्षांची शांतता मोडली.

२०२१ चा कायदा काय सांगतो?

'हाऊस बिल १७७५' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यावर गव्हर्नर केव्हिन स्टिट यांनी ७ मे २०२१ रोजी सही केली. शाळेत कोणत्या संकल्पना शिकवता येणार नाहीत, हे त्यात नमूद केलंय. त्यातल्या महत्त्वाच्या अशा:

- एक वंश किंवा लिंग दुसऱ्यापेक्षा जन्मतःच श्रेष्ठ असतं.
- एखादी व्यक्ती केवळ तिच्या वंशामुळे, जाणता किंवा अजाणता, वंशवादी किंवा अत्याचारी असते.
- आपल्या वंशाच्या लोकांनी भूतकाळात केलेल्या कृत्यांची जबाबदारी आज जिवंत असलेल्या व्यक्तीवर येते.
- एखाद्याने आपल्या वंशामुळे अस्वस्थता, अपराधीपणा किंवा मानसिक क्लेश वाटून घ्यायला हवा.
- गुणवत्ता आणि कष्टाची कदर या कल्पनाच वंशवादी आहेत.

राज्याच्या मान्य अभ्यासक्रमात असलेल्या गोष्टी शिकवायला हा कायदा आडकाठी करत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. टल्साचं हत्याकांड त्या अभ्यासक्रमात आहे. म्हणजे 'टल्सावर बंदी' हा दावा चुकीचा ठरतो.

तरीही गव्हर्नरांच्या सहीनंतर काही दिवसांतच टल्साच्या शताब्दी आयोगाने त्यांना आपल्या सदस्यत्वातून वगळलं. हा कायदा आयोगाच्या उद्देशाशीच विसंगत आहे, अशी आयोगाची भूमिका होती.

हा कायदा आला कुठून?

ओक्लाहोमा एकटं नव्हतं. 'एज्युकेशन वीक' या शिक्षणविषयक नियतकालिकाच्या नोंदीनुसार जानेवारी २०२१ नंतर ४४ राज्यांमध्ये अशा प्रकारची विधेयकं किंवा अन्य पावलं पुढे आली आणि १८ राज्यांनी प्रत्यक्ष बंधनं लागू केली.

याची सुरुवात दोन घटनांपासून धरता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने '१६१९ प्रोजेक्ट' प्रसिद्ध केला. पहिल्या आफ्रिकी गुलामांना व्हर्जिनियात आणलं गेलं ते वर्ष म्हणजे १६१९. अमेरिकेची कहाणी १७७६ च्या स्वातंत्र्यापासून नव्हे, तर तिथपासून सांगायला हवी, अशी त्यामागची मांडणी होती. पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना त्यासाठी पुलित्झर मिळालं. पण त्यातल्या काही दाव्यांवर नामवंत इतिहासकारांनी आक्षेप घेतले आणि वर्तमानपत्राने एका महत्त्वाच्या वाक्यात दुरुस्तीही केली.

दुसरी घटना २५ मे २०२० ची. मिनियापोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यानंतर देशभर आंदोलनं झाली. कंपन्या, सरकारी कार्यालयं आणि शाळांनी वंशभेदावर प्रशिक्षणं सुरू केली.

याला विरोध करणाऱ्यांना या सगळ्यासाठी एक नाव हवं होतं. ख्रिस्टोफर रूफो या कार्यकर्त्याने ते दिलं, 'क्रिटिकल रेस थिअरी'. खरं तर ही १९७० आणि ८० च्या दशकात डेरिक बेल, किंबर्ले क्रेनशॉ अशा कायदेतज्ज्ञांनी मांडलेली विचारधारा. कायद्याने समानता मिळाल्यानंतरही भेदभाव टिकून का राहतो, हा तिचा मूळ प्रश्न. ती शिकवली जायची कायद्याच्या महाविद्यालयांत. पण टीव्हीवरच्या चर्चांमधून हे नाव वंशभेदावरच्या जवळपास प्रत्येक उपक्रमाला चिकटलं.

सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सरकारी प्रशिक्षणांमध्ये काही संकल्पनांना मनाई करणारा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी तो रद्द केला. पण त्यातली संकल्पनांची यादी तोवर राज्यांच्या विधिमंडळांत पोहोचली होती. ओक्लाहोमाच्या कायद्याची भाषा त्या आदेशाशी बरीच मिळतीजुळती आहे.

कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं काय?

त्यांची बाजू सरसकट झटकून टाकता येत नाही. मुलाला त्याच्या कातडीच्या रंगावरून चांगलं किंवा वाईट ठरवू नये, हेच तर नागरी हक्कांच्या चळवळीने शिकवलं, असं ते म्हणतात. वंशाच्या आधारे वर्गात मुलांचे गट पाडणं किंवा कुणाला 'अत्याचारी' आणि कुणाला 'पीडित' म्हणणं त्यांना मान्य नाही.

त्यांच्याकडे उदाहरणंही आहेत. २०२० च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाने वेबसाइटवर एक तक्ता टाकला होता. कष्ट, वस्तुनिष्ठ विचार, वेळेचं नियोजन या गोष्टी त्यात 'गोऱ्या संस्कृती'ची लक्षणं म्हणून दाखवल्या होत्या. कष्ट करणं हा गोऱ्यांचा गुण कसा, अशी टीका झाली आणि तो तक्ता काढून टाकावा लागला.

सॅन फ्रान्सिस्कोत जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, शिक्षण मंडळाने ४४ शाळांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात वॉशिंग्टन आणि लिंकन यांचीही नावं होती. टीकेनंतर निर्णय मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं. हे शहर डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे, तरीही तिथे हे घडलं.

म्हणजे पालकांच्या नाराजीला काही आधार होता. प्रश्न आहे तो त्यावर शोधलेल्या उपायाचा.

मग अडचण कुठे आहे?

कायद्यातलं अस्वस्थतेचं कलम नीट वाचलं, तर त्यात मुलांना अस्वस्थ वाटलंच नाही पाहिजे असं म्हटलेलं नाही. 'तुला अस्वस्थ वाटायला हवं' असं शिकवू नका, एवढंच त्यात आहे. कागदावर हा फरक स्पष्ट आहे. वर्गात तो पुसला जातो.

टल्साचे फोटो पाहून एखादी मुलगी रडली आणि तिच्या पालकांनी तक्रार केली, तर शिक्षकाने नेमकं काय म्हटलं होतं, याची चौकशी होणार. परवाना पणाला लागलेला शिक्षक इतकी जोखीम घेईलच असं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

प्रत्यक्षात काय झालं, ते पाहा. जुलै २०२२ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने टल्साच्या सरकारी शाळांचा मान्यतेचा दर्जा खाली आणला. कारण काय, तर शिक्षकांसाठी घेतलेल्या एका प्रशिक्षणाबद्दल आलेली एक तक्रार. मुलांच्या वर्गाचा त्यात संबंधही नव्हता. मस्टँग इथल्या शाळांवरही त्याच वेळी कारवाई झाली.

त्याच वर्षी नॉर्मन शहरात इंग्रजीच्या एका शिक्षिकेने वर्गातली पुस्तकं कागदाने झाकली आणि न्यूयॉर्कमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा क्यूआर कोड लावला. त्यावरून मुलांना ऑनलाइन पुस्तकं वाचता येत होती. तिला नोकरी सोडावी लागली आणि २०२४ मध्ये राज्याने तिचा शिक्षकी परवाना रद्द केला.

टेक्सासमध्ये वेगळाच घोळ झाला. वादग्रस्त विषय शिकवताना विविध दृष्टिकोन मांडावेत, असं तिथला २०२१ चा कायदा सांगत होता. साउथलेक इथल्या एका अधिकाऱ्याने त्याचा अर्थ असा लावला की, ज्यूंच्या नरसंहारावरचं पुस्तक वर्गात ठेवलं, तर विरोधी बाजूचंही ठेवा. हे बाहेर आल्यावर शाळा प्रशासनाला माफी मागावी लागली. अस्पष्ट कायदा घाबरलेल्या माणसाच्या हातात पडला की काय होतं, याचा हा नमुना.

आणि टल्सा? जुलै २०२३ मध्ये ओक्लाहोमाचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांना एका जाहीर कार्यक्रमात विचारण्यात आलं की, टल्सा शिकवलं तर कायदा मोडला जाणार नाही का? लोकांच्या कृत्यांचा न्याय करा, पण ते त्यांच्या कातडीच्या रंगामुळे घडलं असं म्हणू नका, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. त्यावर टीका झाली, तेव्हा घटना वंशवादातूनच घडली होती, असा खुलासा त्यांनी केला. ज्याच्यावर कायदा राबवायची जबाबदारी, त्यालाच सीमारेषा एका झटक्यात सांगता आली नाही. मग आठवीच्या वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाने ती कशी ओळखायची?

याचा परिणाम मोजलाही गेलाय. 'रँड' या संशोधन संस्थेने २०२३ च्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत ६५ टक्के शिक्षकांनी सांगितलं की, राजकीय आणि सामाजिक विषयांवर वर्गात बोलणं त्यांनी स्वतःहून मर्यादित केलंय. जिथे कुठलंही बंधन नव्हतं, तिथल्या शिक्षकांपैकीही निम्म्याहून अधिकांनी हेच केलं. म्हणजे बंदी एका राज्यात येते आणि भीती शेजारच्या राज्यात पोहोचते.

असं पहिल्यांदाच घडतंय का?

नाही. नागरी हक्कांच्या लढ्यात शाळा आणि शिक्षक कायमच आघाडीवर होते, आणि म्हणून निशाण्यावरही.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यावर दक्षिणेतल्या राज्यांची प्रतिक्रिया काय होती? साउथ कॅरोलिनाने १९५६ मध्ये कायदा केला की, 'एनएएसीपी' या नागरी हक्क संघटनेच्या सदस्यांना सरकारी नोकरी मिळणार नाही. चार्ल्सटनच्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी सदस्यत्व सोडायला नकार दिला. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी प्रौढांसाठी नागरिकत्वाच्या शाळा उभ्या केल्या. मतदार नोंदणीसाठी घेतल्या जाणाऱ्या साक्षरता चाचण्यांची तयारी तिथे करून घेतली जायची.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कार्यकर्त्यांनी ४० च्या आसपास 'फ्रीडम स्कूल' चालवल्या. चर्चच्या तळघरात, कुणाच्या अंगणात हे वर्ग भरायचे. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी तिथे आले. सरकारी शाळेत जे विचारायची सोय नव्हती, ते या शाळांमध्ये विचारता यायचं. आमची शाळा अशी का, आम्हाला मत का देता येत नाही?

अलीकडचं उदाहरण ॲरिझोनाचं. तिथे २०१० च्या एका कायद्याचा आधार घेऊन टूसॉनच्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडण्यात आला. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की, ही कारवाई वांशिक आकसातून झाली होती आणि ती घटनाबाह्य होती. पण निकाल येईपर्यंत विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

न्यायालयं काय म्हणतात?

इथे गुंता आहे. अमेरिकेत अभिव्यक्ती स्वातंत्र्याला घटनेचं भक्कम संरक्षण आहे. पण सरकारी शाळेतला शिक्षक वर्गात बोलतो, तेव्हा तो सरकारचा नोकर म्हणून बोलतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला घटनेचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटलंय. शाळेत काय शिकवायचं हे ठरवण्याचा राज्याचा अधिकारही न्यायालयं मान्य करतात.

म्हणून या कायद्यांविरोधातले खटले बहुतेकदा दुसऱ्या दोन मुद्द्यांवर लढवले जातात. पहिला मुद्दा, कायदा इतका अस्पष्ट आहे की काय केलं तर गुन्हा होईल हे सामान्य माणसाला कळतच नाही. दुसरा, माहिती मिळवण्याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा हक्क.

ओक्लाहोमाचा कायदा २०२१ मध्येच कोर्टात गेला. जून २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी त्यातल्या काही तरतुदींना अस्पष्टतेच्या मुद्द्यावर तात्पुरती स्थगिती दिली. बाकीचा कायदा लागू राहिला. फ्लोरिडाच्या २०२२ च्या कायद्यातला विद्यापीठांना लागू होणारा भाग कोर्टाने त्याच वर्षी रोखला. शाळांसाठीची बंधनं मात्र वेगळ्या निकषांवर तपासली जातात आणि तिथे राज्याचं पारडं जड राहतं.

योगायोग असा की, जून २०२४ मध्येच ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने टल्साच्या हत्याकांडातून वाचलेल्या दोन महिलांचा भरपाईचा दावा फेटाळला. दोघींचंही वय शंभरीपार होतं.

२०२५ नंतर काय बदललं?

आधी हा वाद राज्यांचा होता. ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेवर आल्यावर तो केंद्राचा झाला. जानेवारी २०२५ मध्ये शाळांमधल्या 'विचारसरणी लादण्या'विरोधात आदेश निघाला. फेब्रुवारीत शिक्षण खात्याने शाळा आणि विद्यापीठांना पत्र पाठवून इशारा दिला की, वंशाधारित कार्यक्रम चालवलेत तर केंद्राचा निधी धोक्यात येईल. मार्चमध्ये स्मिथसोनियन संग्रहालयांमधल्या इतिहासाच्या मांडणीबद्दल आदेश आला.

शिक्षण खात्याच्या पत्राचा आधार होता १९६४ चा नागरी हक्क कायदा. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थेत वंशावरून भेदभाव करता येणार नाही, असं हा कायदा सांगतो. दक्षिणेतल्या राज्यांना शाळा एकत्र करायला लावण्यासाठी त्याचा वापर झाला होता. साठ वर्षांनी तोच कायदा वंशभेदावर बोलणाऱ्या संस्थांवर उगारला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायाधीशांनी ते पत्र रद्द ठरवलं. पण तोवर अनेक संस्थांनी आपले कार्यक्रम गुंडाळले होते किंवा त्यांची नावं बदलली होती.

टल्सात मात्र उलट्या दिशेनेही पावलं पडली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मनरो निकोल्स यांनी जून २०२५ मध्ये ग्रीनवूडसाठी सुमारे १० कोटी डॉलर्सचा खासगी निधी उभारण्याची योजना जाहीर केली.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

संबंध जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपलं नाव 'ब्लॅक पँथर'वरूनच घेतलं.

आता हा वाद अमेरिकेतल्या भारतीयांच्या दारापर्यंत पोहोचलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवलं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं कारण त्यांनी दिलं.

त्या वेळी विरोधकांचा युक्तिवाद काय होता? कायद्यात 'जात' हा शब्द आला की एका विशिष्ट समाजाकडेच बोट दाखवलं जातं आणि आमच्या मुलांना शाळेत अवघडल्यासारखं होईल. समर्थकांचं उत्तर होतं की, ज्यांना जातीचा त्रास झालाय, त्यांनी तो कोणत्या शब्दात सांगायचा? ओक्लाहोमात गोरे आणि कृष्णवर्णीय पालक एकमेकांना जे विचारत होते, तेच हे प्रश्न. फक्त या वेळी प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना भारतीय होते.

मूळ मुद्दा काय?

कुठल्याही मुलाला त्याच्या जन्मावरून गुन्हेगार ठरवू नये, यावर फारसं दुमत नाही. मतभेद पुढच्या पायरीवर आहे. एखादी गोष्ट ऐकून वाईट वाटणं आणि त्या गोष्टीसाठी दोषी ठरवलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला शिक्षक हा फरक वर्गात जपू शकतो. कायद्याने तो जपता येतो का, हे चार वर्षांच्या अनुभवातून फारसं दिसलेलं नाही.

डब्ल्यू. डी. विल्यम्स यांनी वर्गात फोटो दाखवले, तेव्हा त्यांना अडवणारा असा कायदा नव्हता. तरीही शहरात कुणी बोलत नव्हतं. आज टल्सा अभ्यासक्रमात आहे, पुस्तकात आहे, त्यावर मालिका आणि माहितीपट आहेत. पण धडा पुस्तकात असणं आणि 'हे का घडलं?' या मुलाच्या प्रश्नाला शिक्षकाने न घाबरता उत्तर देणं, यात अंतर आहे.

१९२१ च्या अंकातला मजकूर कुणी फाडला, हे आजवर कळलेलं नाही. आता मजकूर फाडायची गरजही उरलेली नाही. शिक्षकाने तो धडा घाईघाईने उरकला, तरी परिणाम तोच होतो.